फॉरमॅट मारण्याआधी : प्रस्तावना

एकदाच येऊन गेलेला बिघाड शोधणे कठीण असते. पुन्हा पुन्हा येणारा बिघाड मात्र पकडता येतो, कारण प्रत्येक खेपेला तो काहीतरी माग सोडून जातो. ही पुस्तिका याच एका विश्वासावर लिहिली आहे.

विंडोजवर चालणाऱ्या लॅपटॉपवर ‘इन्सफिशियंट सिस्टिम रिसोर्सेस’ अशा शब्दांनी सुरू होणारी चौकट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचा स्वभाव ठाऊक असेल. तिचा क्रमांक बहुधा १४५० असतो. ती काम ऐन भरात असताना येते, फाइल सेव्ह होऊ देत नाही, पेनड्राइव्हवर उतरत असलेला फोल्डर अर्ध्यावर सोडते. लॅपटॉप रीस्टार्ट केला की सगळे सुरळीत चालते आणि चार दिवसांनी चौकट परत हजर होते. शेवटी वैतागून माणूस लॅपटॉप पिशवीत घालतो आणि दुकान गाठतो. तिथे बहुतेक वेळा दोनपैकी एक सल्ला मिळतो : ‘रॅम वाढवून घ्या’ किंवा ‘फॉरमॅट मारावा लागेल’.

हे दोन्ही सल्ले काही वेळा बरोबर असतात. पण कारण न शोधता दिले, तर दोन्ही महाग पडतात. फॉरमॅट मारला की नोंदी पुसल्या जातात, म्हणजे बिघाडाचा पुरावाच नाहीसा होतो. वर तेच ड्रायव्हर आणि तीच सॉफ्टवेअर पुन्हा टाकली जातात, आणि महिन्याभरात तीच चौकट समोर येते. पैसे गेले, कधी कधी मुलांचे फोटो आणि प्रबंधाची प्रकरणेही गेली, आणि कारण होते तिथेच राहिले. हे टाळता येते, आणि ते टाळणे सामान्य वापरकर्त्याच्या आवाक्यातले आहे, एवढे सांगण्यासाठी हा खटाटोप.

लॅपटॉपची संसाधने म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फक्त रॅम येते. आपल्या छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला हा विषय पाण्याच्या टाकीवरून चटकन कळेल. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून प्रत्येक घराची मदार गच्चीवरच्या टाकीवर असते. पुढचे पाणी येण्याआधीच टाकी कोरडी पडली, तर तीन शक्यता तपासायच्या : वापर वाढला आहे, टाकी मुळातच लहान आहे, किंवा कुठेतरी नळ ठिबकतो आहे. नळ ठिबकत असेल तर मोठी टाकी बसवून दोन दिवस जास्त निघतील, इतकेच. लॅपटॉपमध्येही याच तीन शक्यता असतात, आणि तिन्हींचे उपाय वेगळे असतात.

फरक इतकाच की लॅपटॉपमध्ये अशा टाक्या अनेक असतात. पहिली रॅम. दुसरी ‘कमिट’ची मर्यादा, म्हणजे रॅम आणि डिस्कवरची पेजफाइल यांची बेरीज. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर पेजफाइलला वाढायला जागा उरत नाही. कुणाच्या तरी सांगण्यावरून पेजफाइलच बंद केलेली असेल, तर रॅमच्या पलीकडे आधारच नसतो. तिसरी जागा म्हणजे विंडोजच्या गाभ्याने स्वतःसाठी राखलेली स्मृती, तिला पूल म्हणतात. तिचा काही भाग गरजेनुसार डिस्कवर हलवता येतो, काही भाग कधीच हलवता येत नाही. चौथी गोष्ट हँडल. प्रोग्रॅमने फाइल उघडली, नेटवर्कचा मार्ग धरला की विंडोज त्याला एक हँडल देते आणि काम झाल्यावर ते परत करणे अपेक्षित असते. खिडक्या, फॉन्ट, चित्रे यांच्या हँडलांना तर ठरावीक मर्यादाच आहे : एका प्रोग्रॅमला जीडीआय, म्हणजे पडद्यावर रेखाटण्याच्या कामाची, सहसा जास्तीत जास्त १०,००० हँडल मिळतात. परत न करणारा प्रोग्रॅम त्या मर्यादेला भिडला की त्याच्या खिडक्या अर्धवट रंगू लागतात, बटणे दिसेनाशी होतात. रॅम त्या वेळी निम्मी रिकामी असू शकते.

हे दुखणे आजचे नाही. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये खिडक्या आणि चित्रे यांच्या नोंदी ठेवण्यासाठी अवघ्या ६४ केबीचे कप्पे होते. संगणकात कितीही रॅम घातली तरी ते कप्पे वाढत नसत, त्यामुळे भरपूर रॅम असूनही ‘रिसोर्सेस कमी आहेत’ असा इशारा येई. १९९५ च्या विंडोज ९५ ने त्यातला बराच भार मोठ्या जागेत हलवला, पण अडचण मुळासकट गेली नाही. २००१ मध्ये विंडोज एक्सपीमुळे विंडोज एनटी घराण्याचा गाभा घरगुती संगणकांवर आला आणि ते जुने कप्पे इतिहासजमा झाले. मग ३२ बिटांची भिंत आली. २ चा ३२ वा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६, म्हणजेच ४ जीबी. एवढेच पत्ते ३२ बिटांत मावतात, आणि त्यातलेही काही ग्राफिक्स व इतर उपकरणांसाठी राखले जातात. आजही जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्यांनी सिस्टिमची माहिती उघडून पाहावी. ‘८ जीबी, वापरण्याजोगी ३ जीबीच्या आसपास’ असे दिसले, तर त्यावर ३२ बिटांचे विंडोज टाकले आहे, असे समजायला हरकत नाही. इथे नवी रॅम घेणे म्हणजे निव्वळ पैसे वाया घालवणे आहे. ६४ बिटांचे विंडोज टाकले की आधीचीच रॅम पूर्ण कामी येते.

आपल्या शहरात हा विषय किती जणांना भिडतो, ते पाहा. विद्यापीठात आणि महाविद्यालयांत शिकायला बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडून आलेली मुले कंपन्यांनी काढून टाकलेले, दुरुस्त करून विकलेले लॅपटॉप घेतात, कारण नवा परवडत नाही. उच्च न्यायालयाच्या खंडपीठात काम करणारे वकील शेकडो पानांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ एकाच वेळी उघडून बसतात. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत आराखडे काढणारे अभियंते जड सॉफ्टवेअर आठ-आठ तास चालू ठेवतात. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्या डीटीपीवाल्यांकडे वर्षानुवर्षे साठवलेले मराठी फॉन्ट शेकड्यांनी असतात. या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर संसाधने वेगळ्या वाटेने संपतात. सगळ्यांना एकच उपाय लागू पडेल, हे शक्यच नाही.

त्यात आपले हवामान. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, धूळ बारमाही असते, आणि लॅपटॉपचा पंखा तीच धूळ आत ओढतो. प्रोसेसर प्रमाणाबाहेर तापला की स्वतःचा वेग आपणहून कमी करतो. वापरणाऱ्याला वाटते, लॅपटॉप ‘हँग’ झाला, रॅम कमी पडली. पण उष्णतेने आलेली मंदी आणि संसाधने संपल्याची चौकट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुपारी रडणारा लॅपटॉप रात्री गच्चीवर नीट चालत असेल, तर आधी पंखा साफ करून घ्यावा, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून घ्यावी. सकाळी ताजातवाना असलेला लॅपटॉप तीन-चार दिवसांत हळूहळू कुंथू लागत असेल आणि रीस्टार्ट केल्यावर पुन्हा सुधारत असेल, तर संशय गळतीवर, म्हणजे घेतलेली स्मृती परत न करणाऱ्या प्रोग्रॅमवर किंवा ड्रायव्हरवर, घ्यावा. विशिष्ट प्रोग्रॅम उघडल्यावरच त्रास होत असेल तर तो प्रोग्रॅम, आणि हब लावून त्यावर कॅमेरा, हेडफोन, बाहेरची डिस्क जोडल्यावर यूएसबी कंट्रोलरची संसाधने अपुरी असल्याचा इशारा येत असेल तर ती जोडणी तपासावी. म्हणून या पुस्तिकेत प्रत्येक प्रकरणाची सुरुवात ‘त्रास केव्हा होतो?’ या प्रश्नाने केली आहे. ‘काय होते’ यापेक्षा ‘केव्हा होते’ यातून कारण लवकर हाती लागते.

इथे एक गोष्ट जवळून दाखवतो, कारण तिच्यामुळे भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सवर जाऊन सीपीयू निवडावा. खाली ‘अप टाइम’ असे लिहिलेले असते : दिवस, तास, मिनिटे, सेकंद. रोज रात्री न चुकता लॅपटॉप शट डाउन करणाऱ्याच्या पडद्यावरही तिथे अकरा दिवस, सात तास असा आकडा दिसू शकतो. हा आकडा खरा असतो. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आणि बहुतेक लॅपटॉपवर ती आधीपासून चालू असते. शट डाउन केल्यावर विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि सकाळी तीच परत उचलते. त्यामुळे सुरू व्हायला वेळ कमी लागतो, पण ड्रायव्हरने अडवून ठेवलेली स्मृतीही रात्र ओलांडून जशीच्या तशी परत येऊ शकते. रीस्टार्टचे तसे नाही. त्यात गाभा नव्याने सुरू होतो. ‘रोज बंद करतो, तरी त्रास होतो’ असे सांगणाऱ्याने आठवडाभर रोज एकदा रीस्टार्ट करून पाहावे. त्रास थांबला, तर गळती आहे आणि ती गाभ्याच्या पातळीवर आहे, असा भक्कम धागा हाती लागतो. एवढ्यासाठी एक पैसाही लागत नाही.

दुसरे उदाहरण वाळूजमधल्या एका कारखान्यात हिशेब पाहणाऱ्या गृहस्थांचे. लॅपटॉप ८ जीबीचा. महिनाअखेरीला, नेमका हिशेबाचा बॅकअप वायफायवरून दुसऱ्या संगणकावर चढवताना चौकट यायची. रॅम दुप्पट करण्याचा सल्ला मिळालेला होता. टास्क मॅनेजरमध्ये चालू प्रोग्रॅमांनी वापरलेली स्मृती एकत्र केली तर ती ३ जीबीच्या आत भरत होती, आणि वर मात्र स्मृती ९३ टक्के भरल्याचे दिसत होते. मग उरलेली गेली कुठे? मेमरीच्या पानावर खाली ‘नॉन-पेज्ड पूल’ असा एक आकडा असतो. साध्या वापराच्या लॅपटॉपवर तो काही शे एमबी असतो. इथे तो ३ जीबीच्या वर होता. ही गाभ्याची, डिस्कवर न हलवता येणारी स्मृती. ती इतकी फुगली असेल तर बहुतेक वेळा एखादा ड्रायव्हर जबाबदार असतो. पूलमॉन या साधनात प्रत्येक वापरापुढे चार अक्षरांची खूण दिसते. एका खुणेपुढचा वापर सतत वाढत होता आणि ती खूण वायफायच्या ड्रायव्हर फाइलमध्ये सापडली. तरी लगेच निष्कर्ष काढला नाही. रीस्टार्ट करून एक दिवस लॅपटॉप केबलने नेटवर्कला जोडला : आकडा जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वायफाय : आकडा चढू लागला. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलसाठी नवा ड्रायव्हर होता. तो टाकला आणि पुढची महिनाअखेर विनाविघ्न पार पडली. रॅमचा खर्च वाचला, फॉरमॅटही टळला.

या पद्धतीचे महत्त्व मोठ्या ठिकाणीही सिद्ध झाले आहे. नासाची ‘स्पिरिट’ ही गाडी ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावरच्या गुसेव्ह विवरात उतरली. २१ जानेवारीला तिच्याशी नीट संपर्क होईना. तिचा संगणक बंद पडून पुन्हा पुन्हा सुरू होत होता, साठाहून अधिक वेळा. तो रात्री झोपत नव्हता आणि बॅटरी उतरत चालली होती. गाडी कोट्यवधी किलोमीटर दूर, हात लावायची सोय नाही. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या अभियंत्यांनी एकच प्रश्न धरून ठेवला : सुरू होताना नेमके काय केल्यावर तो कोसळतो? संशय फ्लॅश मेमरीवर आला. तेव्हा ती मेमरी न वाचताच सुरू होण्याची आज्ञा दिली, आणि संगणक स्थिर राहिला. कारण उघड झाले. प्रवासापासून साठत आलेल्या असंख्य फाइलींची यादी रॅममध्ये उभी करायला राखलेली जागा पुरत नव्हती. जागा नाही म्हणून रीस्टार्ट, आणि रीस्टार्टनंतर पुन्हा तीच यादी. जुन्या फाइली काढल्या, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फ्लॅश फॉरमॅटही केली. तिथेही फॉरमॅट झालाच. पण तो कारण कळल्यावर, हवी ती माहिती हाताशी घेऊन, शेवटची पायरी म्हणून झाला. नव्वद मंगळदिवसांसाठी पाठवलेली ती गाडी मार्च २०१० पर्यंत संपर्कात राहिली.

आपल्याकडे संगणक वापरायला शिकवण्याचे मोठे काम झाले आहे. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन (एमकेसीएल) उभी राहिली आणि तिच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतल्या लाखो लोकांच्या हातात माऊस दिला. टाइप करणे, तक्ता बनवणे, ईमेल पाठवणे हे घराघरांत पोहोचले. आता त्यापुढची पायरी चढायला हवी : आपल्या यंत्राचे आकडे वाचणे. ताप आला तर तापमापक लावावा हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. टास्क मॅनेजर उघडणे तितकेच सवयीचे झाले पाहिजे.

पुस्तिकेचे चार भाग आहेत. पहिला नोंदीचा. चौकट आली की आधी मोबाइलने तिचा फोटो काढावा. वेळ, चालू असलेले प्रोग्रॅम आणि जोडलेली उपकरणे वहीत लिहावीत. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदींत २००४ क्रमांकाची नोंद शोधावी. स्मृती संपत आली की विंडोज तिथे सर्वाधिक स्मृती खाणाऱ्या प्रोग्रॅमांची नावे स्वतः लिहून ठेवते, आणि ही नोंद फारच थोडे लोक उघडून पाहतात. दुसरा भाग मोजणीचा : कमिट, पूल, हँडल, जीडीआय हे आकडे कुठे दिसतात आणि किती असावेत. त्यात सिसइंटर्नल्सच्या प्रोसेस एक्सप्लोररचीही ओळख करून दिली आहे. तिसरा भाग दुरुस्तीचा, कारणानुसार. तिथे एकच नियम पुन्हा पुन्हा सांगितला आहे : एका वेळी एकच बदल करा आणि दुसरा करण्याआधी परिणाम पाहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि त्रास थांबला, तर कशाने थांबला ते कधीच कळत नाही. चौथा भाग बिघाड पुन्हा येऊ नये म्हणून काय करावे याचा आहे.

काही गोष्टींना इथे मुद्दाम जागा दिलेली नाही. ‘रॅम बूस्टर’ आणि रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्रॅम यांची शिफारस कुठेही सापडणार नाही, कारण त्यांनी गळती थांबत नाही. चोरीचे सॉफ्टवेअर चालवण्यासाठी वापरले जाणारे ‘अॅक्टिव्हेटर’ तर काढूनच टाकावेत. त्यातले काही गाभ्यात नको तिथे शिरतात, आणि त्यानंतर कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही ध्यानात असावे. त्यापुढे जुन्या लॅपटॉपवर चालणारा ड्रायव्हर मिळेलच असे नाही, म्हणून असलेले ड्रायव्हर आजच एका पेनड्राइव्हवर जपून ठेवावेत.

ही पुस्तिका दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांच्या विरोधात लिहिलेली नाही. रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असेल, डिस्कमधून आवाज येत असेल, बॅटरी फुगली असेल, तर लॅपटॉप त्यांच्याकडेच न्यावा, आणि वॉरंटी असेल तर स्वतः उघडू नये. पण जाताना वहीतल्या नोंदी घेऊन जावे. ‘स्लो झालाय’ एवढेच ऐकणाऱ्याला फॉरमॅटशिवाय फारसे काही सुचत नाही. ‘चौथ्या दिवशी नॉन-पेज्ड पूल ३ जीबी होतो, केबलवर होत नाही’ असे ऐकणारा कारागीर नेमक्या जागी हात घालतो. त्याचाही वेळ वाचतो.

वाचकांना कळकळीची विनंती एवढीच. पुढचे पान उलटण्याआधी आपल्या महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्या. मग एक वही उघडा आणि पहिल्या पानावर तारीख घालून टास्क मॅनेजरमधले पाच आकडे लिहा : अप टाइम, कमिट, पेज्ड पूल, नॉन-पेज्ड पूल, एकूण हँडल. लॅपटॉप नीट चालत असतानाच लिहा, म्हणजे बिघडल्यावर तुलना करायला आधार राहील. आणि पुढच्या वेळी कोणी ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणाले, तर नम्रपणे एकच विचारा : कारण काय सापडले?